माळवदाच्या घराचे थर

प्रश्न थोडक्यात असा आहे. औसा तालुक्यातलं गाव, तिथं तुमचं माळवदाचं, म्हणजे लाकडावर माती चोपून केलेल्या सपाट छताचं, घर. लहानपण सगळं त्यात गेलं, आता तुम्ही पुण्यात. यंदा दिवाळीला गेलात तर घर ओळखू येईना. अर्ध्यावर स्लॅब, उरलेल्यावर पत्रे, चौकात मधोमध भिंत आणि माजघरात भर दुपारी बल्ब लावलेला. धाकटे बंधू म्हणतात पाडून नवीन बांधू. एक लाकूडवाला खांब-तुळयांसकट सगळं ठोक उचलायला तयार आहे. तुम्ही विचारलंय, चांगलं घर इतकं कसं बिघडलं, आणि आता त्यात राखण्यासारखं काय उरलंय?

मी १९९४ साली डिप्लोमा करून बाहेर पडलो आणि पहिलं काम मिळालं ते भूकंपानंतरच्या दुरुस्तीचं. तेव्हापासून लातूर, धाराशिव, सोलापूर याच पट्ट्यात जुन्या घरांची कामं करतोय. किती माळवदांवर चढलो याची मोजदाद नाही. पुण्या-मुंबईहून येणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडी तुमचाच शब्द असतो, ‘बिघडलं’. मी विचारतो, कधीच्या मानानं? तुम्हाला आठवतंय ते घर साधारण १९८५ ते १९९७ मधलं असणार. तुमच्या आजीला विचारलं असतं तर त्या म्हणाल्या असत्या, हे कसलं घर, घर होतं ते माझ्या लग्नातलं. जो-तो आपल्या दहा-बारा वर्षांचं घर धरून बसतो आणि त्याच्या पुढचं-मागचं सगळं त्याला वाकडं दिसतं. पाडायचं की राखायचं हे ठरवण्याआधी घरात काय, कधी आणि कुणासाठी बदललं हे एकदा ओळीनं लावून बघा. निम्मी उत्तरं तिथंच मिळतात.

आमच्याच घराचं सांगतो, म्हणजे माझी चूकही सांगून होईल.

आमचं गाव उमरगा तालुक्यात. २००८ च्या मार्चमध्ये आईचा फोन आला की माजघरात तुळईखाली भुसा पडतोय. गेलो. तुळईचं भिंतीत शिरलेलं टोक पेचकसानं टोचलं तर पेचकस मुठीपर्यंत आत. बाहेरून काळीभोर, टणक दिसणारी सागाची तुळई आतून चिवड्यासारखी झालेली. टेकू लावले, गडी बोलावले आणि माळवद उकरायला घेतलं. अडीच फूट खोल खड्डा झाला. त्याची एक बाजू खुरप्यानं साफ तासली आणि मी तिथंच बसलो. घराचा सगळा जमाखर्च त्या अडीच फुटांत होता.

सगळ्यात वर दोन इंच सिमेंटचा कोबा. तो मीच घातलेला, १९९९ साली, ‘आता दरवर्षी माती टाकायची कटकट नको’ म्हणून. नवा इंजिनिअर होतो, घरच्यांनी ऐकलं. कोब्याखाली माती ओली होती. मार्च महिना, आभाळात ढग नाही, आणि मुठीत दाबली की गोळा होत होता. कोब्याला बारीक तडे गेले होते. त्यातून पावसाचं पाणी आत जात होतं, पण उन्हात वाफ होऊन बाहेर पडायची वाट मी बंद केली होती. नुसतं मातीचं माळवद भिजतं तसं सुकतंही. माझं भिजतच राहिलं, नऊ वर्षं, आणि ती ओल शोधत वाळवी तुळईच्या टोकाशी पोचली.

त्याखाली वीतभर माती, मग प्लॅस्टिकचा कागद, घुशींनी ठिकठिकाणी कातरलेला. हा भूकंपानंतरचा, ९४ चा. त्याच्याखाली चांगली पांढरी माती आणि तिच्या मधोमध चार बोटं जाडीचा काळ्या मातीचा पट्टा. माळवदावर काळी माती म्हणजे आमच्याकडं वेडेपणा. पावसात फुगते, उन्हात भेगाळते, गळणारच. आजी तेव्हा होती. तिला खाली जाऊन विचारलं. ती म्हणाली, ‘बहात्तरच्या दुष्काळात बैलं इकली. पुढच्या मिरगाला पांढरीवरून माती आणाया गाडी जुपायची कशानं? परसातली टाकली पाट्यांनी.’ मग पुढची दोन-तीन वर्षं घर कसं गळलं तेही तिनं सांगितलं, कुठल्या खणात, म्हणजे कुठल्या दोन तुळयांमधल्या जागेत, कुठलं भांडं ठेवायची त्यासकट.

काळ्या पट्ट्याखाली पुन्हा पांढरी, अगदी तळाला लिंबाचा पाला नि तुराट्या चेपून पातळ झालेल्या, आणि मग किलच्या, म्हणजे लाकडाच्या फाळ्या, नि त्यांना पेलणाऱ्या आडव्या कड्या. पांढऱ्या मातीत बांगड्यांचे तुकडे, खापऱ्या, राख. ज्यांचं घर काळ्या रानातल्या नवीन वस्तीवर आहे त्यांच्यासाठी सांगतो: आमच्याकडं ‘काळी’ म्हणजे शेत आणि ‘पांढरी’ म्हणजे गाव. पिढ्यान् पिढ्या मातीची घरं पडली, त्यावर नवी उभी राहिली, चुलींची राख साचली, त्यातून ही पांढुरकी माती झाली. ती काळीसारखी फुगत नाही, चोपली की बसते, पाणी वरच्या वर काढून देते. म्हणून माळवदाला तीच लागते. तेरला अशाच पांढरीच्या टेकाडांतून सातवाहन काळातल्या वस्तू निघाल्या आणि रामलिंगप्पा लामतुरे यांनी गोळा केलेल्या त्या वस्तूंचं आज तिथं संग्रहालय आहे. आमच्या खापऱ्या तेवढ्या मोलाच्या नसतील, पण गोष्ट तीच. कुणाची तरी मोडलेली घरं डोक्यावर घेऊन आम्ही राहत होतो.

आता वजनाचा हिशेब, कारण तुमच्या बंधूंचं म्हणणं यावरच तपासायचंय. माती साधारण घनफुटाला ४५ किलो धरा. दहा बाय बाराची खोली, अडीच फूट माती, म्हणजे ३०० घनफूट, म्हणजे साडेतेरा टन. तेवढ्याच खोलीवर पाच इंची स्लॅब घातला तर साडेतीन टन. एका खोलीवर जवळजवळ चार स्लॅबचं ओझं. आजोबा-पणजोबांनी एवढं घातलं नव्हतं. सुरुवातीला फूटभर असतं, दरवर्षी मृगाआधी इंच-अर्धा इंच टाकतात, जुनी खरवडून काढायची ती कुणी काढत नाही. काढायला जास्त माणसं लागतात, टाकायला दोन पुरतात.

हे ओझं किती महागात पडतं ते ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे कळलं. गणपती विसर्जन करून लोक नुकते आडवे झाले होते. ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी, सास्तूरचा भाग हादरला आणि आठ ते दहा हजार माणसं गेली. त्या वेळच्या नकाशात हा प्रदेश भूकंपाच्या सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होता. २००२ च्या नकाशात तो मध्यम धोक्याच्या तिसऱ्या पट्ट्यात आला. माणसं मेली ती बहुतेक भिंतींखाली. आपली भिंत बाहेरून एक थोरली, दणकट भिंत दिसते, असते मात्र दोन भिंतींची: बाहेरचं तोंड वेगळं, आतलं वेगळं, मध्ये दगडगोटे आणि माती. दोन्ही तोंडांना धरून ठेवणारा आरपार लांब दगड घालायचा कंटाळा केला की हादऱ्यात दोन्ही पदर सुटे होतात. पण मी पुढं कामावर असताना हेही पाहिलं की जिथं खण धरून नीट लाकडी खांब होते आणि माळवदाचा भार खांबांवर होता, तिथं भिंत बाहेर ढासळली तरी छत खांबांवर उभं राहिलेलं होतं. म्हणून तुमच्या पत्रातलं ‘खांबांसकट’ वाचून मला कसंतरी झालं. त्याकडं येतोच.

भूकंपानंतर ५२ गावं नव्या जागी वसवली. जमिनीच्या हिशेबानं घरं मिळाली: भूमिहीन ते एक हेक्टरवाल्यांना २५० चौरस फूट, सात हेक्टरपर्यंत ४००, त्यावर ७५०. सरळ रेषेत रस्ते, सारखी घरं. लोकांनी वर्ष-दोन वर्षांत पुढं पत्र्याची ओसरी काढली, मागं चूल नेली, बाजूला जनावरं बांधली. नकाशा काढणाऱ्यांना वाटलं लोक वसाहत विद्रूप करताहेत. लोक त्या पेटीचं घर करत होते.

तुमचं आणि आमचं गाव स्थलांतरातलं नव्हतं, म्हणजे घर जिथल्या तिथं, पण त्या वर्षानं ते बदललंच. आमच्या घरात माडी होती, ती वडिलांनी उतरवली. पूर्ण हिवाळा आम्ही अंगणात पत्र्याच्या शेडमध्ये काढला. आजी त्यानंतर माळवदाखाली कधी झोपलीच नाही. तिची बाज कायमची पुढच्या शेडमध्ये गेली, मग तिथं एक बल्ब, एक पंखा, एक मोरी, आणि ती शेड घराचा भाग होऊन बसली. तुम्ही ‘समोर कुणीतरी घाणेरडे पत्रे ठोकलेत’ लिहिलंय. बहुतेक ते ९३-९४ चेच असतील. तुमच्या काकूंना विचारून बघा, त्याखाली कोण झोपायचं.

असंच एकेक बघू. माजघरात भर दुपारी बल्ब का लागतो? साणं बंद झालंय म्हणून. माळवदाला मधोमध ठेवलेलं ते चौकोनी भोक, लहानपणी त्यातून पडणारा उन्हाचा ठिपका सरकताना तुम्हीही पाहिला असणार. चूल होती तोवर साण्याला काम होतं. धूर वर जायचा, उजेड खाली यायचा. धुरानं लाकूड काळं पडायचं आणि त्याला भुंगा लागत नाही असं जुने सुतार सांगत. माझा अनुभव तसाच आहे. घरात गॅस आला, धूर संपला. आता साण्यातून काय येतं? पाऊस, उंदीर, मांजर. मग सूनबाई म्हणणार, ते भोक आधी बुजवा. तिचं चुकलं का? मुळीच नाही. पण साणं बुजलं, हवा थांबली, ओल आत राहिली, लाकूड मऊ पडू लागलं आणि दिवसा बल्ब लागला. कुणी एकानं वाईट निर्णय घेतला असं या साखळीत कुठं दिसत नाही.

उंबरा गेला असेल आणि तिथं सिमेंटचा उतार असेल. मोटारसायकल. रात्री ती ढाळजेत, म्हणजे दारातल्या बसायच्या ओसरीत, घ्यावी लागते. आणि ढाळजेतही आता कोण बसतंय?

बळदाच्या तोंडावर टीव्ही असेल किंवा फळ्या मारून कपाट केलं असेल. भिंतीच्या पोटात वर्षाची ज्वारी ठेवायची ती जागा. तुमच्याकडं रानात आता काय आहे, सोयाबीनच ना? लातूर भागात सोयाबीन आलं आणि घरांचा नकाशाच बदलला, हे मी कुठल्याही सभेत सांगायला तयार आहे. ज्वारी घरात येते, वर्षभर राहते, तिचा कडबा जनावरांना जातो. सोयाबीन रानातून थेट आडतीवर जातं. धान्य साठवायचं नाही म्हणून बळद रिकामं, कडबा नाही म्हणून जनावरं कमी, जनावरं नाहीत म्हणून गोठ्यात ट्रॅक्टर किंवा नवी न्हाणी-संडास, बैल नाहीत म्हणून पांढरीवरून माती येत नाही, माती टाकत नाहीत म्हणून माळवद गळतं, गळतं म्हणून पत्रे. तुम्हाला जे ‘पत्रे’ दिसले त्याचं मूळ असं रानात आहे.

चौकातल्या भिंतीबद्दल जरा सविस्तर लिहितो, कारण माळवदाच्या घराला सर्वांत जास्त इजा तिथं होते आणि तिकडं कुणी बघत नाही.

चौक हा घराचा उजेड आहे आणि घराची मोरीही. चारी बाजूंची माळवदं पन्हाळींतून पाणी चौकात किंवा बाहेर टाकतात, चौकातून एक दगडी नाली ढाळजेखालून रस्त्यावर जाते. बांधताना कुणीतरी ते उतार ओळंब्या-पाणसळीनं नीट काढलेले असतात. मग वाटणी होते. मोठ्याला पूर्वेचे खण, धाकट्याला पश्चिमेचे, चौक निम्मानिम्म. मधून सहा इंची विटांची भिंत. नाली मात्र एकाच बाजूला जाते. दुसऱ्याचं पाणी कुठं जाणार? तो भिंतीला भोक पाडू म्हणतो, हा पाडू देत नाही. पाणी कोपऱ्यात साचतं आणि जोत्यात मुरतं. चार-पाच पावसाळ्यांत त्या कोपऱ्यातल्या भिंतीला पोट सुटतं. मी एका घरात गेलो होतो, दोन सख्खे चुलतभाऊ, अकरा वर्षं एका पन्हाळीवरून बोलत नव्हते. पाणी याच्या माळवदाचं, पडतं त्याच्या अंगणात. मी दहा फूट पाइप आणि दोन कोपरे मागवले, पन्हाळीला जोडून पाणी रस्त्यावर काढलं. अर्ध्या दिवसाचं काम. बोलायला लागले की नाही ठाऊक नाही, पण भिंत वाचली.

तेव्हा तुम्ही गेलात की पहिलं काम हे: पावसात, किंवा टँकर लावून, प्रत्येक माळवदाचं पाणी कुठं पडतं आणि तिथून कुठं जातं ते स्वतः बघा. वाटणीची भिंत पाडा म्हणत नाही, ती पाडायला इंजिनिअर पुरत नाही. तिच्या बुडाशी दोन फुटांची जाळी ठेवता आली तरी पुष्कळ.

आता पाडायचं की राखायचं.

भिंतींना ओळंबा लावा. सहा-सात फुटांच्या उंचीत भिंत इंचभर कलली असेल तर मी घाबरत नाही. पोट सुटलं असेल, म्हणजे मधला भाग बाहेर फुगला असेल आणि बोटानं ठोकल्यावर पोकळ आवाज येत असेल, तर दोन पदर सुटे झालेत. तेवढा तुकडा उतरवूनच पुन्हा बांधावा लागतो. बाहेरून सिमेंटचा गिलावा देऊन ते पोट झाकणं म्हणजे गळवावर पावडर लावणं. भेगा असतील तर त्यांच्यावर काचेची पट्टी आडवी चिकटवा आणि शेजारी तारीख लिहा. एका पावसाळ्यानंतर काच तशीच असेल तर भेग जुनी आहे, घर थांबलेलं आहे. तडकली तर हलतंय.

तुळयांची टोकं भिंतीत शिरतात तिथं पेचकसानं टोचा. मधला भाग बघून काही कळत नाही, लाकूड टोकाकडून मरतं. टोक गेलं आणि बाकी ठणठणीत असेल तर तुळई फेकायची नसते. भिंतीला लागून एक खांब उभा करून भार त्यावर घेता येतो. आमच्या घरात मी तेच केलं. माजघरात एक खांब वाढला, आई वर्षभर त्याला धडकत होती.

माती उकरा आणि सात-आठ इंचांवर आणा. हे तर करायचंच, बाकी काहीही ठरलं तरी. एकदम एका खोलीची सगळी काढू नका, दोन्ही बाजूंनी सारखी काढत या, नाहीतर इतकी वर्षं दाबलेल्या कड्या एकीकडं उसळतात. खाली कुणी झोपलेलं-बसलेलं नको.

तुमच्याकडं स्लॅब नेमका कशावर टेकलाय ते बघा. नवीन कॉलम उभे करून त्यावर असेल तर प्रश्न नाही. जुन्या दगड-मातीच्या भिंतीवरच टेकवला असेल, आणि गावाकडं निम्म्या ठिकाणी तसंच करतात, तर मला त्याची जास्त काळजी वाटते, माळवदाची कमी. भिंत मऊ, डोक्यावर एकसंध कडक ओझं, मध्ये भिंतीला बांधून धरणारा काँक्रीटचा पट्टा नाही. तशा स्लॅबवर वरचा मजला तर अजिबात चढवू देऊ नका, बंधूंनी कितीही म्हटलं तरी. शिवाय स्लॅब आणि माळवद जिथं भिडतात ती रेषा. ती बहुतेक सिमेंटनं लिंपलेली असेल आणि दरवर्षी उकलत असेल. दोघांचं हलणं वेगळं, ती उकलणारच. तिथं बोटभर फट मुद्दाम ठेवायची आणि वरून पत्र्याची वाकवलेली पट्टी बसवायची, एका बाजूलाच ठोकलेली.

पत्र्यांबद्दल माझं मत जुनं घर जपणाऱ्या बऱ्याच जणांना पटत नाही. माती आठ इंचांवर आणून, तिच्यावर हातभर उंचीवर उताराचा पत्रा घातला तर मी त्याला हरकत घेत नाही. दिसायला बरं नसतं, मान्य. पण माळवदाला माती टाकणारी माणसं आता गावात नाहीत. तुमचे बंधू साठीला आल्यावर मृगाआधी पाट्या वाहणार आहेत का? पत्र्यामुळं पाणी बाहेर जातं, आणि मातीमुळं मे महिन्यात पत्र्याचा ताव खाली येत नाही. फक्त पत्रा नीट आवळा. वळवाच्या आधी वावधान सुटतं तेव्हा नुसते दगड ठेवलेले पत्रे पतंगासारखे जातात.

पूर्ण पाडून रानात नवीन बांधायचं म्हणत असाल तर एकच गोष्ट: ते काळीत बांधताय. पांढरीत दोन-तीन फुटांच्या पायावर शंभर वर्षं उभी राहिलेली भिंत बघून काळीत तेवढाच पाया घेऊ नका. मुरूम लागेपर्यंत खाली जा, नाहीतर तिसऱ्या उन्हाळ्यात खिडकीच्या कोपऱ्यातून तिरपी भेग येईल, आणि मग मला फोन येईल.

लाकूडवाल्याचं. तो ठोक भाव करतो कारण मोजलं तर त्याला परवडत नाही. तुमचे खांब सागाचे असतील, खाली दगडी उथळे, वर तुळईला टेकू देणारे नक्षीचे हात, तर ते शहरातल्या हॉटेलात किंवा कुणाच्या फार्महाउसच्या व्हरांड्यात जाणार. विकायचेच असतील तर आधी घनफुटात मोजा, नक्षीचे वेगळे धरा. पण मी म्हणेन, पाडलंत तरी खांब ठेवा. भूकंपात घर धरून राहिलेली ती चीज आहे, आणि नव्या घराच्या ओसरीला चार खांब सहज लागतात. दरवाजाही ठेवा, अडसरासकट. त्याची चौकट पाच-सव्वापाच फुटांची असेल, नव्या घरात कुणाचंतरी डोकं आपटेल एवढंच.

कागदांचं थोडक्यात. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा घरपट्टीसाठीचा उतारा आहे, तो मालकीचा पुरावा धरून चालू नका. २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोननं गावठाणाची मोजणी होऊन मिळकत पत्रिका निघताहेत. तुमच्या गावाची निघाली असेल तर त्यावर कुणाची नावं आहेत ते आधी बघा. आणि बहिणींना विचारल्याशिवाय काही पाडू नका. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित घरात त्यांचा हिस्सा भावांइतकाच आहे. ‘तिला काही नकोय’ हे भावाच्या तोंडचं वाक्य कामाचं नाही. सोडायचंच असेल तर नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र लागतं. कायद्याचं सोडा, चूल कुठं होती आणि जातं कुठं होतं हे त्यांना तुमच्यापेक्षा जास्त आठवत असेल.

त्यावरून आठवलं. काहीही करण्याआधी एक सकाळ काढा आणि काकूंना घेऊन घरातून हळूहळू फिरा. फोनवर आवाज रेकॉर्ड करत ठेवा. आधी खोल्यांचा नकाशा कागदावर काढून घ्या, पावलांनी मोजलात तरी चालेल, आणि त्या सांगतील ते जिथल्या तिथं लिहा. पुरुषांना विचारलं तर ते घर कुणी, किती साली बांधलं ते सांगतात. बायका सांगतात पाणी कुठून यायचं, बाळंतिणीची खोली कुठली, कोणता कोनाडा कुणाचा, कोणती तुळई कधीपासून करकरते. दुरुस्तीला मला बायकांचं सांगणं लागतं. एका घरात म्हाताऱ्या चुलती म्हणाल्या, ‘ह्या कोपऱ्यात मी कधी धान्य ठेवलं नाही, पोती खालून भिजतात.’ तो कोपरा आम्ही खणला तर खाली बुजवलेलं पेव, म्हणजे धान्य साठवायचा खड्डा, निघालं. घरात ते कुणालाच माहीत नव्हतं. बाहेरचं पाणी त्यात उतरत होतं.

तुमच्या पत्रावरून आणि फोटोंवरून बोलायचं तर मागचे चार खण राखता येतील असं मला वाटतं, पुढच्या उजव्या कोपऱ्याची भिंत मात्र उतरवावी लागेल. नक्की ते माती उकरल्यावर. काम फेब्रुवारीत सुरू करा, मृग लागेपर्यंत वर पत्रा चढलेला हवा.

आणि बाकी काही यंदा जमलं नाही तरी साणं उघडून घ्या. वरचा दगड नाहीतर पत्रा काढायचा, भोकाभोवती नऊ इंच उंचीचा विटांचा कठडा बांधायचा, त्यावर उतरती काच, आणि काचेखाली चारी बाजूंनी हवेसाठी फट ठेवून जाळी. दोन माणसं, एक दिवस. काकू बल्ब बंद करतील.